डालड्यातला खबऱ्या

परीक्षानळीत वितळलेलं तूप घ्यायचं, तेवढंच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचं, फर्फ्युरॉलचे चार थेंब टाकायचे आणि दोन मिनिटं जोरजोरात हलवायचं. नळी ठेवून दिली की तूप वर येतं, आम्ल खाली बसतं. खालचा थर लालसर झाला, की तुपात डालडा आहे असं समजायचं. ही बोदुआँ चाचणी. पण ती डालडा ओळखतच नाही. ती ओळखते तीळ!

मग डालड्यात तीळ आला कुठून? कायद्याने घातला.

तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की तेल थिजतं, तुपासारखं रवाळ दिसतं. मुंबईत शिवडीला 1930च्या दशकात त्याचा कारखाना निघाला, 1937 मध्ये डालडा बाजारात आला आणि बघता बघता लोक त्याला ‘वनस्पती तूप’ म्हणू लागले. तूपवाल्यांच्या पोटात गोळा आला. बंदी घाला, निदान रंग तरी द्या, अशी ओरड संसदेपर्यंत गेली. मनाजोगता रंग काही सापडेना. शेवटी नियम झाला तो असा: वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल हवंच, आणि सुगंध घातलाच तर तो तुपाहून वेगळा हवा. डब्यावरचं नाव खरवडता येतं, तीळ कसा खरवडणार?

तुपाची स्वतःचीही खूण असते. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्लासारखी उडून जाणारी आम्लं असतात, वनस्पती तेलांत ती जवळपास नसतात. ती मोजून येणारा आकडा म्हणजे रायशर्ट-माइसल मूल्य. इथे आपल्या भागाचा संबंध येतो. सरकी खाणाऱ्या म्हशीच्या अस्सल तुपातही हा आकडा घसरतो, म्हणून अन्नभेसळीच्या नियमांत महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्याला वेगळी, खालची मर्यादा द्यावी लागली. नाहीतर दावणीला सरकी घालणारा प्रामाणिक माणूस भेसळखोर ठरला असता.

आता भांडण दुधावर आलंय. 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं, सोया-बदामाच्या पेयांना ‘दूध’ म्हणायचं नाही. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. युरोपच्या न्यायालयाने 2017 मध्येच ‘टोफू बटर’ला नकार दिला होता. नारळाच्या दुधाला मात्र दोन्हीकडे मुभा. जुनं नाव म्हणून! आपल्याच भागातल्या भोकरच्या मोंढ्यात पोत्यांनी येणाऱ्या सोयाबीनला तेवढी वडिलोपार्जित पुण्याई नाही, इतकंच.

मला विचाराल तर पाकिटावर ठळक ‘सोया’ छापलेलं असताना फसतंय कोण? खरी गोम पनीरमध्ये आहे. मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी कृत्रिम पनीर थेट विधानभवनात नेऊन दाखवलं. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पाम तेल वापरलेलं ‘ॲनालॉग’ पनीर विकायला कायद्याची आडकाठी नाही. अट एवढीच की वेष्टनावर तसं लिहायचं. पण ढाब्याच्या भटारखान्यात वेष्टन फाटतं, आणि ताटात येते ती पनीर मसाल्याची भाजी. तिथे बोदुआँची नळी कितीही हलवा, लाल होणार नाही. पाम तेलात तीळ मिसळायला कुणी सांगितलेलंच नाही.