धरणाच्या काठावर पोरं आणि गळ

नाणेघाटाच्या तोंडाशी किंवा आहुप्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं, पण जुन्नर-आंबेगावच्या पोरांच्या वाट्याला समुद्र काही येत नाही. पाण्याचा काठ मात्र उदंड आहे. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं या दोन तालुक्यांतच आहेत. पाऊस संपलेला, धरणं भरलेली, पाणी निवळत आलेलं आणि शाळेला सुट्टी. मुलांना घेऊन गळ टाकायला दिवाळीसारखे दिवस नाहीत.

समुद्राचा काठ भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा हलतो. धरणाचा काठ वर्षभर हळूहळू सरकत असतो. दिवाळीत पाणी गवतापर्यंत चढलेलं असतं. बुडालेल्या गवतात किडे असतात, त्यांच्यामागे मासे अगदी काठाशी येतात. उन्हाळ्यात तोच काठ कितीतरी खाली जातो, मध्ये भेगाळलेला गाळ उघडा पडतो आणि काठावरची माणसं त्यात गाळपेर करतात. तेव्हा उथळ पाण्यात परातीएवढे गोल खळगे दिसले तर मुलांना जरूर दाखवा. ती चिलापीची, म्हणजे तिलापियाची घरटी. नर तोंडाने माती उपसून खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. पिल्लं बाहेर पडल्यावरही धोका दिसला की आईच्या तोंडात शिरतात. आफ्रिकेतला हा मासा १९५२मध्ये भारतात आणला गेला आणि साचलेल्या पाण्यात भराभर वाढला. मुलांच्या गळाला बहुधा तोच पहिला लागतो.

कटला, रोहू आणि मृगल यांचं तसं नाही. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून धरणात त्यांचं बीज सोडावं लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून बीजासाठी फक्त नदीच्या पुरावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. तिघांची तोंडं मुलांना नीट पाहू द्या. कटल्याचं वर वळलेलं, म्हणून तो वरच्या थरात खातो. मृगलचं खाली, तो तळ चाचपतो. रोहू मधल्या थरातला. गळ किती खोल सोडायचा ते यावरून ठरतं, आणि हे गणित आठ वर्षांच्या पोरालाही कळतं.

सामान साधं असावं. महागडी रीळ-काठी मुलांच्या हाती देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो. बांबूची हलकी काठी, तिच्याएवढाच तंगूस, लहान गळ, चिमूटभर शिसं आणि तरंगायला मोरपिसाचं देठ किंवा थर्माकोलचा तुकडा एवढं पुरे. आमिषाला गांडूळ उत्तम. ज्यांना त्याची किळस येते त्यांनी कणीक मळावी आणि तिच्यात थोडा कापूस पिंजून घालावा, म्हणजे गोळी पाण्यात सुटत नाही. देठ नुसतं थरथरलं तर मासा चाखतोय. ते तिरकं होऊन सरकायला लागलं की काठी उचलायची. मुलं थरथरीलाच उचलतात. उचलू द्यावं. लहान मासा परत सोडायचा असेल तर आधी हात ओले करावेत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. शिंगाडा मासा लागला तर मोठ्यांनीच सोडवावा, त्याचा काटा लागला की फार ठणकतो.

हे पाणी कुणाचं तरी आहे, हेही मुलांना सांगायला हवं. डिंभे धरण घोड नदीवरचं, जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं. ते याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गावच या पाण्याखाली आहे, कचेरी घोडेगावात. काठावरची महादेव कोळी कुटुंबं मूळची भातशेती करणारी. जमीन बुडाल्यावर त्यांतले अनेक जण होडी आणि जाळं शिकले. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने त्यांची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या मदतीने तरंगत्या पिंजऱ्यांत बीज वाढवून बोटुकली करण्याचं कामही इथे झालं. तुमच्या गळाला लागणारा कटला कुणीतरी पैसे खर्चून सोडलेला असू शकतो. म्हणून आधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारावं, त्यांची जाळी आणि पिंजरे यांच्यापासून लांब बसावं.

जागा मोठ्यांनी आधी काठीने चाचपून घ्यावी. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध असतात, कुठे विहिरीही. घोटाभर पाण्यापुढे एकदम पुरुषभर खोली लागू शकते. गाळात पाय रुततो तो वेगळाच. कालव्यावर तर मुलांना नेऊच नये, त्याच्या गुळगुळीत भिंतींना धरायला काही नसतं.

आणि हा बिबट्यांचा मुलूख. त्यांचं निवारा केंद्रच माणिकडोहला आहे. वाकून किंवा उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, त्यात मुलं तर लहानच. संध्याकाळी मासे जोरात खातात हे खरं, पण त्या मोहात पडू नये. सकाळचं ऊन वर आल्यावर बसावं आणि दिवस कलण्याआधी तंगूस गुंडाळावा. उसात किंवा झाडोऱ्यात गेलेली वाट टाळावी, मुलांना मध्ये ठेवावं आणि मोठ्याने बोलत गाडीपर्यंत यावं.