घरचा संग्रह, परगावचे श्रोते

घरातल्या हार्ड डिस्कवरचे संगीत परगावी किंवा परदेशात बसून ऐकायचे, तर तीन गोष्टी लागतात. घरी सतत चालू राहणारा एक छोटा संगणक हवा, त्यावर गाणी पुरवणारा सर्व्हर प्रोग्रॅम हवा आणि बाहेरून तिथपर्यंत पोहोचणारी सुरक्षित वाट हवी. हे सगळे जमवायला एक रविवार पुरतो. संग्रह ऐकण्याजोगा लावायला मात्र महिने जातात, आणि या कामाचे खरे मोल त्या महिन्यांत आहे.

कल्पना नवी नाही. 2000 साली ‘माय एमपी3 डॉट कॉम’ या सेवेत स्वतःची सीडी संगणकात घालून दाखवली की त्यातली गाणी कुठूनही ऐकता येत. कंपनीने त्यासाठी सीडींच्या प्रती स्वतःच्या सर्व्हरवर करून ठेवल्या होत्या. रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या आणि सेवा हरली. पुढे ‘गूगल प्ले म्युझिक’ने प्रत्येकाला 50,000 गाणी चढवायची सोय दिली, 2020 मध्ये तीही बंद झाली. संग्रह ऐकणाऱ्याचा होता, पण तो जिथे ठेवला होता त्या जागेवर त्याचा हक्क नव्हता. सिंद्रे मेहुस या प्रोग्रॅमरच्या ‘सबसॉनिक’ने सर्व्हर घरातच ठेवायची वाट दाखवली. ‘नॅव्हिड्रोम’सारखे आजचे मोफत सर्व्हर त्याच पद्धतीने बोलतात, त्यामुळे फोनवरचे अनेक ॲप त्यांना सहज जोडले जातात. एवढ्या कामाला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पुरेसा होतो.

मराठी घरातला संग्रह बहुधा कॅसेटचा असतो. तो संगणकात उतरवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एक आकडा येतोच: 90 मिनिटांची कॅसेट उतरवायला 90 मिनिटेच लागतात. घाई चालत नाही. आधी डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागते. कॅसेटच्या आत फीत हेडवर दाबून धरणारी एक इवलीशी गादी असते. जुन्या कॅसेटमधली ती बऱ्याचदा गळून पडलेली सापडते. मग वरचे सूर मंदावतात, तंबोऱ्याची जवारी ऐकूच येत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटते की ध्वनिमुद्रणच तसे आहे. कोऱ्या कॅसेटमधली गादी काढून तिथे चिकटवली की त्याच कॅसेटवरचा मारवा राग पुन्हा उजळतो.

उतरवलेले ध्वनिमुद्रण ‘फ्लॅक’ स्वरूपात ठेवावे. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला 1411 किलोबिट जागा खातो. 90 मिनिटांची एक कॅसेट सुमारे 950 एमबी होते. ‘फ्लॅक’ त्यातले काहीही न गमावता आकार साधारण निम्म्यावर आणते. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर जवळपास 2000 कॅसेट बसतात. एका कुटुंबाला एवढी जागा भरपूर झाली.

त्यानंतर येते नावे घालण्याचे काम, म्हणजे टॅगिंग, आणि बहुतेक संग्रह इथेच रखडतात. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतले तेच नाव सर्व्हरला तीन वेगळे गायक वाटतात. ‘गीतरामायणा’त तर अडचण आणखी वाढते. पुणे आकाशवाणीवर 1955-56 मध्ये प्रसारित झालेली त्यातली 56 गीते निरनिराळ्या गायकांनी गायिली. सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातले ध्वनिमुद्रण वेगळे. ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना कोरा ठेवला, तर पहिल्या संचाचे गायकागणिक तुकडे होण्याची भीती असते आणि शोधताना दोन्ही संच एकमेकांत मिसळतात. नाट्यपदांना गायक, संगीतकार आणि नाटक या तिन्ही नोंदी हव्यात, नाहीतर ‘कट्यार काळजात घुसली’मधली पदे संगीतकार जितेंद्र अभिषेकींच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

कॅसेटच्या आतल्या चिठ्ठीवर वडिलांच्या अक्षरात ‘मारवा, रेडिओ’ एवढेच लिहिलेले असते. ते शब्द शेऱ्याच्या रकान्यात जसेच्या तसे उतरवावेत आणि चिठ्ठीचा फोटो मुखपृष्ठ म्हणून जोडावा. डब्लिनमध्ये बसलेल्या मुलीच्या फोनवर गाणे सुरू होताना तेच अक्षर दिसते. विकत घेतलेल्या कोणत्याही संगीतसेवेत हे मिळत नाही.

बाहेरून ऐकताना घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग महत्त्वाचा असतो, डाउनलोड नव्हे. फोनच्या डेटावर असताना सर्व्हरला ‘ओपस’ स्वरूपात 128 किलोबिटवर गाणे बदलून पाठवायला सांगावे. हा 1411 चा अकरावा भाग. तासाला सुमारे 58 एमबी जातात आणि फोनवर फरक क्वचितच कळतो. कसारा घाटासारख्या ठिकाणी रेंज जाते, म्हणून निघण्यापूर्वीच गाणी फोनवर उतरवून ठेवावीत.

आता वाट. आयपीव्ही4 चे सुमारे 430 कोटी पत्ते जगाला पुरले नाहीत, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरवर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर घर अशाच सामायिक पत्त्यामागे आहे आणि राउटरचा पोर्ट उघडून उपयोग होणार नाही. जिथे पोर्ट उघडतो तिथेही तो उघडू नये, कारण उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. ‘टेलस्केल’सारखी खाजगी जोडणी चांगली. तिचा पाया असलेले ‘वायरगार्ड’ मार्च 2020 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले. घरचा संगणक आणि फोन दोघेही आतून बाहेर संपर्क साधतात, मध्ये भेटतात, आणि रस्त्यावरच्या तिसऱ्याला घर दिसतच नाही.

घरच्यांपुरती खाती काढावीत. सगळ्यांना खुला दुवा वाटत सुटणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, आणि ज्यांच्या गाण्यावर आपण वाढलो त्यांच्याशी तसे वागणे शोभतही नाही. वीज गेली की सर्व्हर बंद पडतो, म्हणून राउटर आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

डिस्क मात्र कधीतरी जातेच. गेली, तर प्रत्येक कॅसेटची 90 मिनिटे पुन्हा मोजावी लागतात, तीही फीत तोवर टिकली असेल तरच. संग्रहाची दुसरी प्रत करा आणि ती भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवा.