माकड मेले, तर गोचीड तपासा

सिंधुदुर्ग म्हटले की मालवणचा किनारा डोळ्यांसमोर येतो. पण याच जिल्ह्याच्या पूर्वेला, दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरात, काजूच्या हंगामात आमच्या मायबहिणी सकाळपासून पालापाचोळ्यात बिया वेचत असतात. सापाची भीती त्यांना ठाऊक आहे. मोहरीएवढ्या गोचिडीची भीती मात्र उशिरा कळली.

२०१६ साली दोडामार्ग तालुक्यात केर गावच्या परिसरात माकडे मरून पडू लागली, आणि माणसे तापाने फणफणली. २०१७ साली हा ताप सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरात पसरला. हाच माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम आढळला. त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधून काढला.

नावामुळे माकड बदनाम झाले; खरे तर तेही या रोगाचा बळीच. विषाणू गोचिडीत असतो. ती चावली की माकड आजारी पडून मरते, आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाल्यात उतरून नवे शरीर शोधतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीची जागा सर्वांत धोक्याची. लाल तोंडाच्या माकडाची जात आज स्वतःच संकटात आहे. तिला मारून रोग जाणार नाही.

मग करायचे काय? गोचीड तपासायची. आरोग्य कर्मचारी पाल्यावरून पांढरे फ्लॅनेलचे कापड ओढतात. गोचिडी त्याला चिकटतात. जात आणि जागा पाहून त्यांचे गट करतात व प्रयोगशाळेत त्यांत विषाणू शोधतात. मेलेल्या माकडाचेही नमुने घेतात. अशाने माणसे आजारी पडण्याआधीच गाव सावध होऊ शकते.

पण अहवाल फायलीत राहिला तर उपयोग काय? तो बी वेचणाऱ्या बाईच्या घरापर्यंत पोहोचला पाहिजे. बागायतदारांनीही मजुरांना अंगाला लावायचे गोचीड-प्रतिबंधक तेल आणि बूट द्यावेत. मजुरी बुडेल म्हणून ताप अंगावर काढणाऱ्यांचाच जीव आधी जातो.

आपण घरी एवढे करू या. डिसेंबर ते मे या काळात रानात जाताना अंगभर कपडे घालावेत. परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी, कपडेही गरम पाण्यात धुवावेत. गुरांच्या गोचिडींचा बंदोबस्त करावा. मेलेल्या माकडाला हात लावू नये, पुण्य म्हणून हळद-कुंकू वाहून पुरूही नये; वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

अचानक कडक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि रानात गेल्याचे डॉक्टरांना सांगावे. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. खास औषध नाही. पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक बरे होतात.

आणि एक गोष्ट विसरू नये. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. तापाच्या भीतीने कुणाच्या घरचे पाणी टाळू नका. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.