दोन भूकंपांच्या मधोमध

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात वेळापूर हे गाव आहे. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा मुक्काम आणि अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर, या दोन गोष्टींसाठी ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याची तिसरी ओळख सहसा कोणी सांगत नाही. नकाशावर पट्टी ठेवून पाहिल्यास या गावापासून पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवर कोयनानगर आणि पूर्वेस जवळजवळ तितक्याच अंतरावर किल्लारी येते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना हादरली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारी जमीनदोस्त झाली. दख्खनचे पठार म्हणजे अचल पाषाण, त्याला धरणीकंपाचे भय नाही, ही समजूत या दोन पहाटांनी पुसून टाकली.

आता याच टापूत जमिनीच्या पोटातून पाणी नेण्याचे युग सुरू झाले आहे. उजनीचे पाणी सीना खोऱ्यात नेणारा बोगदा आहे. नीरेवरील उद्धटपासून उजनी जलाशयाकडे जाणारा नीरा-भीमा बोगदा तर वीस किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे. अशा वेळी पारावर दोन प्रश्न हटकून निघतात. डोंगर पोखरल्याने आणि धरणे भरल्याने भूकंप होतात काय? आणि झालाच तर हे बोगदे टिकतील काय? प्रश्न अडाणीपणाचे नाहीत; मात्र त्यांची उत्तरे दोन्ही बाजूंनी फार घाईने दिली जातात.

कोयनेचे उदाहरण जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेले आहे. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी अडविले गेले आणि लवकरच परिसरात लहान लहान हादरे जाणवू लागले. १९६७ च्या भूकंपाची तीव्रता ६.३ होती. जलाशयामुळे घडलेल्या भूकंपांत याहून मोठा आजवर नोंदला गेलेला नाही. वारणेचे धरण १९८५ पासून भरू लागल्यावर हादऱ्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे सरकले. आजवर या टापूत पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त भूकंप झाले आहेत. जलाशय किती वेगाने भरतो, आजवरची कमाल पातळी ओलांडतो काय आणि त्या पातळीवर किती काळ राहतो, या तीन गोष्टींशी हादऱ्यांचा संबंध असल्याचे डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या संशोधकांनी दाखविले आहे.

तथापि, पाणी भूकंप ‘निर्माण’ करते असे म्हणणे हा शब्दांचा सैल वापर होय. हिशेब साधा आहे. शंभर मीटर खोल पाण्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला फार तर दहा किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार मात्र सुमारे तेराशे किलो असतो. त्यापुढे पाण्याची ती भर नगण्यच म्हणावयाची. परंतु युगानुयुगे ताणला गेलेला प्रस्तरभंग निसटण्याच्या बेतात असेल, आणि भेगांतून झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने त्याच्या दोन पाखांमधील घर्षण किंचित कमी झाले, तर तेवढे निमित्त पुरते. भरलेल्या बंदुकीचा चाप ओढणारे बोट ते पाणी. बंदूक भरतो निसर्ग. म्हणूनच सुमारे ११७ टीएमसी साठ्याचे उजनी धरण मूळ ९८ टीएमसीच्या कोयनेहून मोठे असूनही तेथे कोयनेसारखे काही घडले नाही. उजनीची उंची कोयनेच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि खालचा खडकही तसा ताणलेला दिसत नाही. किल्लारीनंतर माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाकडेही बोट दाखविले गेले, पण त्यावर शास्त्रज्ञांचे एकमत झाले नाही.

बोगदा खणल्याने भूकंप होतो, हा समजही असाच तपासावयास हवा. कोलारच्या सोन्याच्या खाणींत खडक स्फोटासारखे फुटत आणि वरच्या वस्तीला हादरे बसत, हे खरे. पण त्या खाणी तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या होत्या. आपल्या पठारावरील पाण्याचे बोगदे त्या मानाने वरच्या थरात आहेत. तेथील खडकावर तेवढा ताणच नसतो.

मग खुद्द बोगद्याचे काय? येथे निसर्ग माणसाच्या भीतीला अनुकूल नाही. इमारत भूकंपात झुलते, कारण तिचे डोके मोकळे असते. बोगदा चोहोबाजूंनी खडकाने आवळलेला असल्याने खडकाबरोबर हलतो आणि खडकाबरोबरच थांबतो. बेसॉल्टमधून जाणारी भूकंपाची लाट शेकडो मीटर लांबीची असते. सात-आठ मीटर रुंदीच्या बोगद्याला तीत पिळवटून निघण्यास वावच थोडा. १९६७ साली कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले, कोयनानगरची घरे कोसळली. पोफळीचे भूगर्भातील वीजगृह मात्र शाबूत राहिले. २८ जुलै १९७६ रोजी चीनमधील तांगशान शहरात अडीच लाखांच्या जवळपास माणसे मेली. त्या वेळी कोळशाच्या खाणींत सुमारे दहा हजार कामगार होते, आणि त्यांपैकी बहुतेक सारे जिवंत वर आले.

एवढ्यावर निश्चिंत होणाऱ्या अभियंत्यांनी १७ जानेवारी १९९५ ची जपानमधील कोबे नगरी आठवावी. तेथील दाइकाई हे भुयारी रेल्वेस्थानक वरून चर खणून बांधलेले, जमिनीलगतचे. भूकंपाचा विचार न करता उभारलेले त्याचे मधले खांब चिरडले, छत बसले आणि वरचा रस्ता दोन मीटरहून अधिक खचला. तात्पर्य, धोका खोलीत नसून उथळपणात आहे. बोगद्याचे तोंड, उभा शाफ्ट, मातीतून जाणारा भाग आणि प्रस्तरभंग ओलांडण्याची जागा, हे त्याचे नाजूक अवयव होत. आपल्या पठाराने त्यात आणखी एकाची भर घातली आहे. विहीर खणणाऱ्या कोणाही जाणत्या माणसाला विचारावे. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, अशी उतरंड तो तोंडपाठ सांगेल. लाव्हाच्या दोन थरांमधील हा तांबडा पट्टा ओला झाला की ढिला पडतो, आणि बोगद्याचे छत नेमके तेथे आले तर हादऱ्याविनाही ढासळते. नीरा-भीमा बोगद्याच्या कामावर अकोले येथे २०१७ च्या नोव्हेंबरात शाफ्टमध्ये क्रेनचा अपघात होऊन कामगार प्राणास मुकले. त्याचा भूकंपाशी काही संबंध नव्हता. पण बाहेर पडण्याची वाट एकच, आणि तीही उभी, असेल तर माणसाचे काय होते, हे त्यावरून दिसले.

म्हणून मागणी बोगदे थांबविण्याची नसावी. या भागाला पाणी हवे आहे, आणि ते उघड्या कालव्यातून येताना किती झिरपते व किती उडते, हे नीरा उजव्या कालव्यावरील शेतकऱ्याला सांगावयास नको. मागणी मोजमापाची असावी. मोठ्या धरणांवर भूकंपमापन केंद्रे आहेत. नाशिकची ‘मेरी’ ही संस्था ते काम अनेक वर्षे करीत आली आहे. परंतु बोगद्यात एक आणि त्याच्या डोक्यावर जमिनीवर एक, असे जोडयंत्र प्रत्येक लांब बोगद्यावर बसले पाहिजे. त्याखेरीज खोलीवर हादरा किती क्षीण होतो, हे आपल्या खडकापुरते कळणार नाही. नीरेचे पाणी उजनीत येऊ लागले की तिच्या भरण्या-उतरण्याचा वेगही बदलेल. कोयनेचा धडा वेगाविषयीचाच आहे. उजनीत धोका फार थोडा असला तरी पाणी येण्यापूर्वीच्या नोंदी हाती नसतील तर पुढे तुलना कशाशी करावयाची? कोयनेच्या पोटात काय चालते हे पाहण्यासाठी कराडच्या केंद्रामार्फत गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले आणि बेसॉल्टचा थर सुमारे सव्वा किलोमीटरवर संपून खाली ग्रॅनाइटी खडक लागला. हे ज्ञान अहवालांतच न राहता तालुक्याच्या शाळेपर्यंत मराठीत यावयास हवे.

बोगद्यांना निदान अभियंते तरी आहेत. गावच्या जुन्या विहिरी, बारवा यांना कोणी नाही. दगडावर दगड रचलेल्या, जमिनीलगतच्या, मागे भुसभुशीत माती असलेल्या भिंती म्हणजे दाइकाईच्या उथळपणाचेच देशी रूप. किल्लारीत माणसे मेली ती मातीत बसविलेल्या अशाच जाड दगडी भिंतींखाली. अर्धनारीनटेश्वराच्या आवारातील बारवेपासून शिवारातल्या पडक्या विहिरींपर्यंत कोणत्या भिंती फुगल्या आहेत, कोणत्या विहिरीलगत घर किंवा रस्ता आला आहे, याची यादी करण्यास ना मोठा निधी लागतो ना यंत्र. गावचा एक गवंडी आणि शाळेतील वरच्या वर्गाची मुले ती एका दिवाळीच्या सुटीत करू शकतील.