हात मोकळे, लक्ष मात्र गुंतलेले

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. दोन सेकंद मोबाइलकडे पाहिले, तर ३३ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. मुरलेल्या चालकाचे क्लच-गिअर सवयीने चालतात. नवशिक्याला त्यासाठीही लक्ष खर्चावे लागते, म्हणून त्याच्याकडे शिल्लक फार कमी उरते.

‘फोन हातात नसला की झाले,’ असा युक्तिवाद होतो. पण अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हँड्सफ्री बोलणाऱ्यांकडूनही सिग्नल निसटले. कारण संभाषणात गुंततो तो मेंदू. शेजारचा प्रवासी अवघड वळण पाहून गप्प होऊ शकतो, फोनवरच्याला ते दिसतच नाही. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलने पहिल्या धड्यापासूनच फोन बंद करून गाडी सुरू करण्याची सवय लावायला हवी.