यमाच्या दिव्याला काय सांगू?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करायचा, त्याचे तोंड दक्षिणेकडे करून ठेवायचा आणि घरात कुणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून यमधर्माला हात जोडायचे, ही रीत मी आईकडून घेतली. वीस वर्षे दिवा लावला. पण गेल्या वर्षी हात जोडले आणि पुढे शब्दच सुचेनात.

आमच्या यांचे हृदय थकले आहे. औषधांचे उपाय सरले, आता दुसऱ्याचे हृदय बसवणे एवढाच मार्ग, असे डॉक्टरांनी सांगितले आणि यादीत नाव चढले. काढलेले हृदय चारएक तासांत नव्या छातीत बसावे लागते. म्हणजे फोन आला की लगोलग पोचले पाहिजे. सांगलीहून ते कसे जमायचे? घराला कुलूप लावले, तुळस शेजारच्या काकूंवर सोपवली आणि परळला दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडले.

लोकांना वाटते, वाट पाहणे म्हणजे बसून राहणे. छे हो! तो दिवसभराचा उद्योग आहे. सकाळी उठल्याबरोबर यांचे वजन. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढले, तर ते अंगात साठलेले पाणी; डॉक्टरांना कळवायचे. दिवसाचे पाणी दीड लिटर, तेही मापून. चहा आणि आमटीसुद्धा त्यातच धरायची. लोणचे-पापड हद्दपार. सासूबाईंनी या वयात आपणहून अळणी जेवण पत्करले. म्हणाल्या, "त्याच्या ताटात नाही ते माझ्या ताटात कशाला?" मुलगा फोन उशाशी घेऊन झोपतो. आणि हे? ज्यांनी आयुष्यभर मला जड पिशवी उचलू दिली नाही, ते आता खिडकीत बसून मला ओझी आणताना पाहतात आणि भाजीच्या भावावरून चिडतात. चिडण्यामागचा संकोच मला कळतो. तरी मीही भांडून घेते. आजाऱ्याशी कुणी भांडेनासे झाले, की आपण गेल्यातच जमा असे त्याला वाटू लागते!

ही यादी रेशनच्या रांगेसारखी नव्हे. रक्तगट जुळावा लागतो, अंगलोट जुळावी लागते, कुणाची निकड किती तेही पाहतात.

श्रावणात एका रात्री दोन वाजता फोन आला. धावतपळत गेलो. तीन तासांनी सांगितले, ते हृदय बसवण्याजोगे निघाले नाही. परतताना टॅक्सीत मी मुकाट्याने डोळे पुसत होते. हे म्हणाले, "अगं, त्या घरी आत्ता काय चालले असेल?"

मी चपापले. ते घर माझ्या मनातच आले नव्हते.

1967 च्या 3 डिसेंबरला केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय माणसाला बसवले. लुई वॉशकान्स्की त्यावर अठरा दिवस जगले. बर्नार्डांचे नाव जगभर झाले. पण ते हृदय होते पंचवीस वर्षांच्या डेनिस डार्व्हल हिचे. एकाच अपघातात बायको गेलेली, मुलगी हाताबाहेर गेलेली, अशा वेळी तिच्या वडिलांनी काही मिनिटांत होकार दिला. आपल्याकडे 1968 च्या फेब्रुवारीत, याच परळात, के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो प्रयत्न केला. रोगी काही तासांतच गेला. पुढे 1994 साली मेंदूमृत्यू मानणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना यश आले. शस्त्रक्रिया सुधारली, औषधे सुधारली. पण आरंभी लागतो तो त्या बापासारखा कुणाचा तरी होकार. तिथे सुधारणा चालत नाही.

मग दिव्याला काय सांगू? कुणालाच अपमृत्यू नको म्हणावे, तर यांचे काय? आणि फोन येऊ दे म्हणावे, तर कुणाचे घर अंधारात लोटू?

आम्ही दोघांनी आपापले दानाचे फॉर्म भरले आणि मुलाला समोर बसवून सांगितले. कारण त्या घटकेला विचारतात ते घरच्यांनाच. यंदा मी दोन दिवे लावणार आहे. एक यांच्यासाठी. दुसरा त्या अनोळखी घरासाठी : तुमचे माणूस सुखरूप राहो. आणि राहिलेच नाही, तर त्या रात्री तुम्हांला धीर मिळो.