टंकनदोष, नाण्यांवरील
टाकसाळीत नाणे घडत असताना त्यात राहिलेल्या वैगुण्यास टंकनदोष म्हणतात. अमेरिकेत बँकांतून मिळणाऱ्या नाण्यांच्या कागदी गुंडाळ्यांत (उदा., एक सेंटची ५० नाणी) संग्राहक असे दोष शोधतात. दोष चकतीचा, ठशाचा किंवा आघाताचा असतो. पत्रा पुरेसा न सरकता पुन्हा कापला गेल्यास चकतीचा चंद्रकोरीसारखा भाग उणा राहतो व त्यासमोरील कडही बहुधा अस्पष्ट उमटते. मागाहून कापलेल्या नाण्यात तसे आढळत नाही. १९४३ मध्ये सेंट जस्तलेपित पोलादाचा होता. चुकून ब्राँझच्या चकत्यांवर पाडली गेलेली मोजकी नाणी अत्यंत मौल्यवान ठरली. पोलादी नाण्यास तांब्याचा मुलामा देऊन केलेली त्यांची नक्कल चुंबकाने उघड होते. ठशावरच प्रतिमा दुहेरी असल्यास अक्षरे दोनदा व उठावदार दिसतात. फिलाडेल्फिया येथील १९५५ चा सेंट हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. आघाताच्या वेळी ठसा हलल्यास मात्र दुय्यम प्रतिमा सपाट, पायरीसारखी दिसते. तिला सहसा विशेष मूल्य नसते. सारांश, वैगुण्य टंकनाच्या कोणत्या टप्प्यावर उद्भवले हे सांगता येत नसेल, तर त्यास टंकनदोष मानू नये.